डाव्या बुटांचा पहारा

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही भाचीच्या हुकमावरून. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. सांध्यांची डॉक्टर आहे. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून माझी शिट्टी वाजवायची, आता मला समोर बसवून माझी बोटं दाबते. म्हणाली, "मामा, रोज सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहतात ते लिहा. दिवसभर काय केलंत तेही लिहा. खरं लिहा. मामी वाचणार नाही."

एकतीस वर्षं बुटांच्या कारखान्याचा पहारा सांभाळतोय. अकरा पहारेकरी हाताखाली आहेत. नोंदवहीत खोटं लिहिणाऱ्याला मी कधी दारात उभं केलेलं नाही. तेव्हा लिहितो.

आखडणं: पन्नास मिनिटं, दोन्ही हात. गणवेशाचं वरचं बटण लागेना. शेवटी हिने लावून दिलं. ही म्हणजे बायको. म्हणाली, "अहो, गेटवर तुम्ही उभे राहणार की मी येऊ?"

रक्ताचा अहवाल आला. भाची म्हणते, बाहेरून कोणी शिरलेलं नाही. माझ्याच अंगातले पहारेकरी माझ्याच सांध्यांना चोर समजून बडवतायत. मी विचारलं, त्यांचा प्रमुख कोण? म्हणाली, असा कोणी प्रमुख नसतो. तिथेच मला सगळं कळलं. प्रमुख नसल्यावर दुसरं काय होणार.

मग विचारलं, प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ? ती बराच वेळ हसली. "मामा, तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, अतिउत्साही आहे. तिला जरा शांत करायची गोळी देतेय. आठवड्यातून एकदा."

पहारेकऱ्याला शांत करायची गोळी. असला वेडेपणा उभ्या नोकरीत ऐकला नाही. पहिली तिने समोरच गिळायला लावली, पुढच्या ही मोजून देणार आहे. येताना ताकदीच्या काढ्याची बाटली घेतली. लेबलावर सिंह आहे. घरी बुटांच्या जुन्या खोक्यात लपवली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आखडणं: पंचावन्न मिनिटं. काढा दोन चमचे. कडू जहर. म्हणजे चांगला असणार.

मालकांनी बोलावलं. विषय मागच्या महिन्यातली चोरी. आपल्याकडे भिंती रंगवायचं काम चालू होतं, त्या गर्दीत तीन माणसं रंगाऱ्यांच्या वेषात आली. डाग पडलेले पांढरे कपडे, एक शिडी, हातगाडीवर चार मोठे डबे. जाताना गेटवरच्या पहारेकऱ्याला संशय आला होता. पण माझाच जुना नियम आहे, की संशय आला तर आधी आतल्या विभागाला फोन करायचा आणि तिकडून "आमचा नाही" असा दुसरा इशारा आला तरच हात लावायचा. फोन लागेना. तोवर तिघे साठ बूट घेऊन गेले.

साठही डावे. आमच्याकडे डावे आणि उजवे वेगवेगळ्या कोठारांत असतात, जोडी शेवटी लावतात. तक्रार लिहून घेणारा हवालदार दोनदा बाहेर जाऊन हसून आला.

मालक हसले नाहीत. म्हणाले, "एकतीस मार्चपर्यंत वेळ देतो. परत चोरी झाली, किंवा पहाऱ्यामुळे काम अडलं, तर पहारा बाहेरच्या कंपनीला देईन. मग तुम्ही आणि तुमचे अकराच्या अकरा घरी."

त्यातल्या सातांच्या घरी दुसरं कमावणारं माणूस नाही. हे हिला सांगितलं नाही. संध्याकाळी वरचं बटण काढून देताना तिने विचारलं, "काही झालंय का?" मी म्हटलं, थंडी आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आखडणं: तासभर.

फोनचा नियम रद्द केला. आता संशय आला की पकड. गेटच्या खोलीत फळा लावला. जो माणूस पकडेल त्याच्या नावापुढे चांदणी. आणि तिसरं, फार दिवस मनात होतं ते केलं. जाऊद्याला गेटवरून हलवलं.

जाऊद्या हा आमचा सगळ्यात जुना पहारेकरी. सव्वीस वर्षांची नोकरी, त्याहून थोराड पोट. खरं नाव आता त्यालाही आठवत नसेल. कोणाला अडवलं की हा खुर्चीतून म्हणणार, "जाऊ द्या, आपलाच आहे." बस, एवढंच काम. शिवाय गेटवर चार कप चहा येतो, त्यातले तीन हा एकटा पितो. नवीन भरती झालेले बिचारे एका कपात घोट घोट करतात. चोरीच्या दिवशी नेमका रजेवर होता, नाहीतर खापर फोडायला बरं झालं असतं.

त्याला उजव्या बुटांच्या कोठारामागे सायकल स्टँडवर पाठवलं. "बरं साहेब," म्हणाला. वाद नाही, काही नाही. असल्या माणसाकडून पहाऱ्याची काय अपेक्षा करायची? खुर्ची मात्र घेऊन गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आखडणं: तासभर. डाव्या हाताची दोन पेरं सुजलेली.

आज नव्या भरतीची परीक्षा. पद्धत माझीच आहे. कारखान्यातल्या सगळ्यांचे फोटो आणि त्यांत मिसळलेले परके चेहरे दाखवायचे. जो आपल्याच माणसांवर संशय घेतो तो नापास, सरळ घरी. यंदा विचार केला, दिवस वाईट आहेत, जास्त संशय घेणाऱ्यालाच जास्त गुण द्यावेत. पहिली आली ती पूर्वी गोळाफेक खेळणारी एक मुलगी. चाळीस फोटोंपैकी अडतीस चोर ठरवले. त्यात थोरले मालक होते, जे वारून नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, ही नजर पाहिजे. तिचं नाव ठेवलं घार.

संध्याकाळी भाची घरी आली होती. तिला हे सांगितलं तर ती आधी हिच्याकडे आणि मग छताकडे बघत राहिली.

"मामा, शरीरातही अशीच परीक्षा असते. छातीच्या हाडामागे एक लहानशी ग्रंथी आहे, ती या पेशींची शाळा. तिथे त्यांना शरीराच्या आपल्या वस्तू दाखवतात. जी पेशी आपल्याच वस्तूवर झडप घालते तिला काढून टाकतात."

"घरी पाठवतात."

"वर पाठवतात. शंभरातल्या दोन-चारच शाळेतून बाहेर पडतात."

कडक आहे, पण मला पटलं. म्हटलं, मग माझ्या अंगातले हे कसे पास झाले?

"काही सुटतातच. तुमच्याकडे तर तुम्ही शाळाच उलटी चालवलीत."

तिला पहाऱ्यातलं काही कळत नाही. ही चहा देताना खोकत होती. खोकला होता की हसू, ते नक्की सांगता येणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आखडणं: सत्तर मिनिटं. काढा गोड लागायला लागलाय. मुरला की गोड होत असावा.

गेटवर अभूतपूर्व यश. घारीने पहिल्याच आठवड्यात एक मोठी गोष्ट हेरली. चोरीला काय गेलं? डावे बूट. मग आपल्या कारखान्याचा डावा बूट ज्याच्या पायात दिसेल तो संशयित. इतकं सरळ. तीन दिवसांत एकवीस बूट जप्त झाले. सगळ्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून खोलीत रचून ठेवलेत, मुद्देमाल म्हणून.

थोडी कुरकूर आहे. कारखाना दर वर्षी प्रत्येक कामगाराला एक जोड देतो, त्यामुळे बूट सगळ्यांच्याच पायात असतात. शिवणविभागाच्या मुख्य बाई एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, हा बूट मी स्वतः शिवलाय."

घार म्हणाली, "म्हणजे बनवण्यातही हात आहे."

मी चांदणी दिली. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय मुद्देमाल परत करता येत नाही, हा नियम आहे. मालक प्रदर्शनासाठी परगावी गेलेत, ते येईपर्यंत सगळं आटोक्यात असेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आखडणं: सत्तर मिनिटं. पेला उचलताना हातातून निसटला. हिने फुटलेल्या काचा गोळा केल्या आणि लगेच माझ्यापुढे स्टीलचा पेला ठेवला.

बाटली अजून संपलेली नाही. तीन आठवडे रोज चार चमचे घेतोय. ताकदीची वस्तू अशी असावी. घरात साखर मात्र लवकर संपतेय.

भाचीकडे तपासणी. मी स्पष्ट विचारलं, शाळेतून सुटलेले हे मवाली अंगात फिरत असतात तर सगळ्यांनाच हा आजार का होत नाही?

"कारण मामा, एका इशाऱ्यावर पेशी सहसा हल्ला करत नाही. दुसऱ्या पेशीकडून दुसरा इशारा लागतो. तो नाही आला तर ती सुस्त पडते, मग चिथावलं तरी उठत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही पेशींचं कामच मुळी बाकीच्यांना आवरणं असतं."

"म्हणजे त्या लढत नाहीत?"

"शक्यतो नाही. आसपास राहतात. लढणाऱ्यांना चेव आणणारा एक रस असतो, तो याच शोषून घेतात. रस नाही तर चेव नाही."

"म्हणजे फुकट खाणाऱ्या."

"गंमत म्हणजे त्याही त्याच शाळेतल्या. आपल्या वस्तूंना जरा जास्तच ओळखणाऱ्या. अशांतल्या सगळ्यांना मारत नाहीत. काहींना तिथेच हे काम देतात. त्या नसल्या तर माणूस तान्हेपणीच स्वतःच्या अंगाला खाऊन टाकेल."

मला हे काही पटलं नाही. लढत नाही, दुसऱ्याचं पितो आणि वर म्हणे महत्त्वाचा. असला पहारेकरी मी तर कुठे पाहिलेला नाही.

४ मार्च, मंगळवार

आखडणं: पासष्ट मिनिटं.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. गेटवर काहीतरी बिघडलंय.

पंधरा वर्षं चामडं आणणाऱ्या गाडीवाल्याला परत पाठवलं, कारण त्याने घारीला नमस्कार केला. "चोरच आधी नमस्कार करतात." दोन दिवस कापणीविभाग बसून होता. काल एका पहारेकऱ्याने दुसऱ्याला पकडलं आणि सुटल्यावर दुसऱ्याने पहिल्याला. फळ्यावर दोघांनाही चांदणी. जप्त बूट आता त्रेसष्ट. कामगार उजव्या पायात कारखान्याचा बूट आणि डाव्या पायात मिळेल ते घालून येतात. चप्पल, कॅनव्हासचा बूट, एकाच्या पायात तर बायकोची सपात. माझ्याकडे कोणी बघत नाही. पूर्वी सगळे हात करायचे.

गेटवरची रांगही कमी झालीय. दुपारी कळलं का ते. निम्मे लोक मागून, सायकल स्टँडच्या फाटकाने येतात. म्हटलं, आज जाऊद्याची नोकरी गेली.

हा खुर्चीत बसलेला. एकेक येतोय, हा मान हलवतोय.

"नोंद?"

"कशाची साहेब? तो गोंदवाला. धाकटीला ताप आहे म्हणून उशीर. ही तळवे चिकटवणारी. गुडघा दुखतो म्हणून अशी चालते."

"तू यांचे चेहरेसुद्धा बघत नाहीस."

"पाय बघतो. सव्वीस वर्षं पायच बघतोय. बुटांच्या कारखान्यात चेहरे काय बघायचे?"

मी म्हटलं, तू कधी कोणाला पकडलंस का रे जन्मात? तो हसला. "साहेब, विसरलात. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांनाच पकडायचो. थोरल्या मालकांना दोनदा. त्यांच्या आईंना एकदा, डबा घेऊन आल्या होत्या. तुम्ही मला काढायला निघाला होतात. मग म्हणालात, एवढा एकेकाला ओळखतोस तर गेटवर बस आणि बाकीच्यांना आवर."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं.

"आणि तो चहा? तीन-तीन कप?"

"नवीन माणसाच्या पोटात दुसरा कप गेला की त्याला सगळेच चोर दिसतात. माझं काय, मला झोप येते."

नोकरी काढायची ती उद्यावर ढकलली. हात दुखत होते, कागद लिहिता आला नसता.

११ मार्च, मंगळवार

आखडणं: पंचेचाळीस मिनिटं. ओळखपत्राची चिमटी दाबता येईना, म्हणून ते घरीच ठेवलं. मला कोण अडवणार?

घारीने अडवलं.

"साहेब, ओळखपत्र."

"अगं, मी प्रमुख आहे."

"परवा एक जण म्हणाला, मी मालकांचा मेहुणा आहे."

"तो मालकांचा मेहुणाच होता."

"तेच म्हणते मी. सांगण्यावर काही ठरवता येत नाही." मग तिने खाली पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "साहेब, तुमचे दोन्ही बूट आपल्या कारखान्याचे. इथे दोन्ही बूट असलेला माणूस उरलेला नाही."

"तू मला ओळखतेस की नाही?"

"ओळखते. पण ओळख हीच चोराची शिडी, असं तुम्हीच शिकवलंत."

मला स्टुलावर बसवलं. डावा बूट काढला, चिठ्ठी लावली, चौसष्ट. चांदणी कोणाची यावरून चौघांत वाद सुरू झाला. इतक्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. कोणी उचलेना.

"फोन घ्या."

"फोनचा नियम रद्द आहे साहेब."

वाजत राहिला. शेवटी मीच एका पायावर लंगडत गेलो. रिसीव्हर बोटांत धरता येईना, दोन्ही तळव्यांत धरला. पलीकडे जाऊद्या.

"साहेब, तुम्ही कसे फोनवर?"

"मला पकडलंय."

"बरं. ते नंतर बघू. तीन रंगारी, शिडी आणि चार डबे, उजव्या कोठाराकडून गेटाकडे येतायत. रंगकाम तर संपलंय. आणि साहेब, पाय. आपल्या माणसांचा उजवा बूट आपला आणि डावा परका. यांचं उलटं आहे. डावा आपला, उजवा परका."

एवढ्या गोंधळात फक्त एकाच्या लक्षात आलं होतं. ज्याने डावे साठ नेले त्याला कधीतरी उजवे साठ लागणारच. त्या मूर्खांनी नेलेले डावे वाया जाऊ नयेत म्हणून पायात घातले होते. शिडी लावून ते भिंतीवरून आत उतरले होते, आणि मी सगळ्या कारखान्याला विजोड बूट घालायला लावल्यामुळे आत फिरताना कोणाच्या डोळ्यांत खुपले नव्हते.

"घारीला द्या," तो म्हणाला. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला. मला ऐकू येत होतं.

"पोरी, म्हाताऱ्याला सोड, आपलाच आहे. शिडीवाले मात्र आपले नाहीत."

तिने खिडकीतून पाहिलं. मग ती ज्या वेगाने बाहेर गेली, तसं धावताना मी कोणाला पाहिलेलं नाही. तिघांनाही शिडीच्या पायऱ्यांत अडकवून आणलं. डब्यांत साठ उजवे बूट.

मागाहून जाऊद्या डुलत डुलत आला. खुर्ची बरोबर होती. मुद्देमालातून चौसष्ट नंबर शोधून माझ्यासमोर ठेवला. नाडी मला बांधता आली नसती. त्याने न विचारता बांधली.

१३ मार्च, गुरुवार

आखडणं: चाळीस मिनिटं.

मालक परतले. टेबलावर त्रेसष्ट तक्रारी होत्या. सगळ्या वाचल्या, मला उभं ठेवून.

"चोर पकडले गेले, म्हणून पहारा तुमच्याकडेच राहील," म्हणाले. "पण प्रमुख, त्या चोरांनी आमचे साठ बूट नेले. तुम्ही त्रेसष्ट."

चौसष्टावा माझाच होता. ते सांगितलं नाही.

फळा पुसला. फोनचा नियम परत लावला, फक्त आता फोन दोन आहेत, एक लागला नाही तर दुसरा. चेहऱ्यांची परीक्षा पूर्वीसारखी. घार नियमाने नापास झाली. घरी पाठवायचं पत्र लिहायला घेतलं, दोन ओळी झाल्या, मग फाडलं. तिला गेटवर जाऊद्याशेजारी बसवलंय. त्याने पहिल्याच दिवशी तिचा चहा प्यायला. तिने पकडलेला पहिला माणूस गोंदवाला. फोन केला, "आमचाच" असं उत्तर आलं. जाऊद्या म्हणाला, "त्याच्या धाकटीचा ताप उतरला का विचार." तिने विचारलं.

१६ मार्च, रविवार

आखडणं: पंचवीस मिनिटं.

भाची जेवायला आली होती. सूज उतरलीय म्हणाली, गोळीने काम सुरू केलंय. मी तिला मोठेपणाने खरं सांगितलं, की काम गोळीचं नाही, काढ्याचं आहे. खोक्यातून बाटली आणून समोर ठेवली. तिने लेबल वाचलं आणि चेहरा लाल झाला. झाकण उघडून वास घेतला, चाखलं आणि हिच्याकडे बघितलं. ही ताटं उचलत होती.

"मामी, हे साखरेचं पाणी आहे."

"हो का? कंपनीवाले हल्ली काहीही विकतात."

भाची मग मलाच झापायला लागली. अंगातल्या पहारेकऱ्यांना आणखी चेव आणणारी असली औषधं चोरून घेतात का, डॉक्टरला फसवतात का, आईला सांगू का. मी खाली मान घालून ऐकत होतो. एकतीस वर्षांत मला असं कोणी उभं केलेलं नाही. या सहा दिवसांत तीनदा झालं.

शेवटी हिने तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

"जाऊ दे गं," म्हणाली. "आपलेच आहेत."

आणि माझ्यासमोरचा चहा उचलून स्वतः पिऊन टाकला.

आज सकाळी वरचं बटण माझं मला लावता आलं होतं. मग काढलं आणि हिला हाक मारली. गणवेशाचा दिवस नव्हता, तरी तिने लावून दिलं.

हे वाक्य हिने कुठून उचललं, याची मात्र चौकशी करायला हवी. ही तर आमच्या गेटवर कधी आलेलीसुद्धा नाही.